टास्मानिया: रात्रीच्या बोटीने गाडी घेऊन, आई-बाबांसोबत. पहिला दिवस कसा आखावा?

प्राची_टार्नीट

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहतो. सध्या पुण्याहून माझे आई-बाबा आलेत, जूनमध्ये परत जातील. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना टास्मानिया दाखवायचा विचार आहे. लेक ४ वर्षांची आहे, त्यामुळे शाळेच्या सुट्ट्यांशी जुळवायची गरज नाही.

नवऱ्याचं म्हणणं असं, की आपली गाडी घेऊन जिलाँगहून रात्रीच्या बोटीने निघायचं, सकाळी सहा-साडेसहाला डेव्हनपोर्टला उतरायचं, तसंच पुढे जाऊन क्रेडल माउंटन बघायचं आणि रात्री पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्रॉनला मुक्काम करायचा. एक दिवस वाचतो. मग होबार्ट, पूर्व किनारा आणि परत डेव्हनपोर्ट. नकाशावर अंतरं लहान दिसतात म्हणून त्याला हे सहज जमेल असं वाटतंय. मला धाकधूक आहे.

आईला ताम्हिणी घाटात हमखास गाडी लागते. बोट लागली तर रात्रभर काय करायचं? तिचे गुडघेही दुखतात, चढ-उतार फार जमत नाही. बाबांना उलट बोटीचंच जास्त अप्रूप आहे. ते मूळचे दाभोळचे, लहानपणी आगबोटीने मुंबईला गेल्याच्या आठवणी अजून सांगतात. आम्ही शाकाहारी आहोत, त्यामुळे बरंचसं खाणं घरून न्यायचा बेत आहे. बोटीवर काय चालतं, काय नाही?

की सरळ विमानाने जाऊन तिकडे गाडी भाड्याने घेणं बरं? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सांगा.

अनिकेत_वेरिबी

आम्ही विमानाने गेलो होतो. तासाभरात लॉन्सेस्टन, उतरलं की गाडी तयार. आईंना प्रवास सोसत नसेल तर हाच मार्ग सोपा पडेल असं मला वाटतं.

मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. आमच्या भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्यावर जायला मनाई होती आणि अंधारात जनावर धडकलं तर भरपाईची रक्कम बरीच मोठी होती. करार नीट वाचल्याशिवाय सही करू नका. दुसरं म्हणजे पाच माणसं, लेकीची सीट, थंडीचे कपडे आणि खाण्याच्या पिशव्या एवढं सगळं बसायला मोठी गाडी लागेल, ती महाग जाते. पाच विमान तिकिटं आणि मोठी गाडी एका बाजूला, बोट आणि आपली गाडी दुसऱ्या बाजूला, असा हिशेब मांडून बघा. बोटीवर गाडी नेण्यासाठी केंद्र सरकार १९९६ पासून अनुदान देतं, ते भाड्यातूनच वजा होऊन येतं, वेगळा अर्ज करावा लागत नाही.

रातपाळी

प्राची, मी डेव्हनपोर्टजवळ राहते. इथल्या एका रुग्णालयात नर्स आहे, रात्रपाळी संपवून पहाटे गाडी चालवत घरी येणं हा माझा नेहमीचा रिवाज. माहेर गुहागरचं, त्यामुळे तुझ्या बाबांचं बोटीचं वेड मला चांगलंच कळतं. तुझ्या नवऱ्याचा बेत वाचला आणि अगदी राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बोटीने जरूर या. स्ट्रॉन मात्र पहिल्या दिवशी गाठू नका. बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, एवढं ऐकाच.

कारण सांगते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. तरीही महिनाअखेरीला सूर्य उगवतो पावणेसातच्या पुढे. बोट सहा-साडेसहाला लागते, म्हणजे तुम्ही धक्क्यावरून बाहेर पडाल तेव्हा पूर्ण अंधार किंवा जेमतेम झुंजुमुंजू. नेमकी हीच वेळ इथल्या जनावरांची. पॅडीमेलन आणि वॉलबी (दोन्ही लहान कांगारूंसारखे), वॉम्बॅट, पॉसम, सगळे रात्रभर चरून रस्त्याकडेच्या गवतातून परत झाडीत जात असतात. त्याच वेळी बोटीतून शेकडो गाड्या एकदम बाहेर येतात. चालकांची झोप अर्धवट झालेली असते, रस्ता नवा असतो आणि प्रत्येकाला पुढे जायची घाई असते. रुग्णालयातून घरी येताना ही रांग समोरून येताना दिसते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

पहाटे गाडीच्या दिव्यांत आधी दोन डोळे चमकतात, मग कान दिसतात. वॉलबी रस्त्याच्या कडेला अगदी स्तब्ध उभी असते आणि गाडी जवळ आली की नेमकी दिव्यांच्या दिशेने उडी मारते. एक ओलांडून गेली म्हणून पाय लगेच ब्रेकवरून काढायचा नाही, तिच्यामागून पिल्लू येतं. वॉम्बॅट उडी मारत नाही. तो बुटका, घट्ट, २५-३० किलोचा गडी आपल्या चालीने रस्ता ओलांडतो आणि धडकला तर गाडीचा पुढचा भाग खालून निकामी करतो. जनावर चुकवायला जोरात स्टिअरिंग फिरवू नका. सरळ रेषेत ब्रेक लावा. खड्ड्यात गेलेल्या किंवा झाडावर आदळलेल्या गाड्यांमधली माणसं आमच्याकडे येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी जनावर वाचवायलाच गाडी वळवलेली असते.

अजून एक गोष्ट मला मनापासून सांगाविशी वाटते. रस्त्यावर मेलेलं जनावर खायला टास्मानियन डेव्हिल हा इथला मांसाहारी प्राणी येतो आणि तोही पुढच्या गाडीखाली सापडतो. डेव्हिलांमध्ये तोंडावर गाठी येणारा संसर्गजन्य कर्करोग पसरला आहे. तो १९९६ मध्ये पहिल्यांदा दिसला आणि त्यात त्यांची संख्या फार घटली. त्यामुळे एक-एक डेव्हिल मोलाचा आहे. इथे काही रस्त्यांवर संध्याकाळ ते पहाट ताशी ६५ च्या वर जाऊ नका अशा पाट्या आहेत. पाटी नसली तरी तोच वेग धरा. मागच्या गाडीला घाई असेल तर मोकळी जागा बघून बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या. इथे सगळे तसंच करतात.

मग उतरल्यावर करायचं काय? धक्का पूर्व डेव्हनपोर्टला आहे. मर्सी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडे मर्सी ब्लफला जा, दहाएक मिनिटं लागतात. तिथे १८८९ सालचं दीपगृह आहे, पांढऱ्यावर उभे लाल पट्टे असलेलं. गाडी लावा, थर्मासमधला चहा काढा, उजाडू द्या. बाबांना समुद्र बघू दे, लेकीला पळू दे. नंतर गावातल्या सुपरमार्केटमध्ये भाजी-फळं घ्या (भाजीचं खाली लिहिते) आणि आठ-साडेआठनंतर शेफील्डच्या रस्त्याला लागा. शेफील्ड ३० किलोमीटरवर आहे. रस्ता शेतांमधून जातो, माती आपल्या कोकणासारखी लालभडक, त्यात बटाट्याचे वाफे, आणि समोर माउंट रोलंडची सरळ कडा उभी. गावातल्या भिंतींवर १९८६ पासून मोठमोठी चित्रं रंगवत आलेत, ती चालत बघता येतात आणि सगळं सपाटीवर आहे, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांना त्रास नाही. रस्त्याकडेला शेतकऱ्यांनी मांडलेल्या फळ्या दिसतील: बटाट्याची पिशवी, भोपळा, कधी अंडी, आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. माणूस कोणी नसतो. सुटे पैसे जवळ ठेवा.

शेफील्डहून क्लॉड रोड, गाउरी पार्क, मोइना असं करत क्रेडलला पोचायला आणखी तासभर. मध्ये सेथाना धरणाच्या दरीत रस्ता वळणं घेत खाली उतरतो आणि पलीकडे चढतो. आईंना गाडी लागायची असेल तर इथेच लागेल, तेव्हा त्यांना पुढच्या सीटवर बसवा आणि नवऱ्याला सांग, हळू. एप्रिलअखेर वरच्या भागात सावलीतल्या वळणांवर सकाळी डांबरावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असू शकतो. उशिरा निघा म्हणते त्याचं हेही एक कारण. साडेदहा-अकराला पोचाल. तो दिवस आणि ती रात्र क्रेडललाच राहा.

आता बोट लागण्याचं. बास सामुद्रधुनी साधारण २५० किलोमीटर रुंद आहे आणि खोली सरासरी ६० मीटरच्या आसपास. दक्षिण महासागरातून पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येणारी मोठी लाट या उथळ पाण्यात शिरली की आखूड आणि उभी होते, त्यामुळे तिथे बोट हलते. दर रात्री असं होत नाही. पुष्कळ रात्री माणसं झोपतात आणि सकाळी कर्ण्यावरच्या आवाजानेच जागी होतात. जिलाँगहून निघाल्यावर सुरुवातीचा बराच वेळ बोट पोर्ट फिलिपच्या उपसागरात असते, तिथे पाणी शांत. पॉइंट लॉन्सडेल आणि पॉइंट नेपियन यांच्यामधल्या अरुंद तोंडातून बाहेर पडली की खरा समुद्र सुरू होतो. आईंचं जेवण, तोंड धुणं, बाथरूम, सगळं त्याच्या आत उरकून घ्या आणि त्या आडव्या झालेल्या असू द्या. आडवं पडून डोळे मिटले की निम्मा त्रास कमी होतो. जेवण हलकं द्या, मऊ भात किंवा दोन पोळ्या. रिकाम्या पोटी ठेवू नका, त्याने उलट जास्त मळमळतं.

गोळीबद्दल मात्र आधी डॉक्टरांशी बोला. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि वयस्कर माणसांचा रात्री उठताना तोल जातो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. गोळी घ्यायची असेल तर बोट सुटायच्या आधी घ्यायची. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. केबिनमध्ये रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि आई उठतील तेव्हा हाताला धरून न्या.

केबिन घ्याच, आरामखुर्चीची तिकिटं घेऊ नका. बोटीच्या मधल्या भागातली केबिन मिळाली तर उत्तम, टोकाला हलणं जास्त जाणवतं. खिडकी नसलेली केबिन स्वस्त पडते आणि झोपेला काही वाईट नाही.

गाडी लावून वर आलात की प्रवास संपेपर्यंत खाली गाडीकडे जाता येत नाही. त्यामुळे एका रात्रीची वेगळी पिशवी भरा: सगळ्यांची औषधं, चष्मे, स्वेटर, लेकीचं पांघरूण, आईंचा शेक घ्यायचा पट्टा. गाडीचा हँडब्रेक ओढा आणि धोक्याचा भोंगा बंद करा, नाहीतर बोट हलली की तो वाजत राहतो.

खाण्याचं. ताजी फळं, भाज्या, झाडाचा कुठलाही भाग टास्मानियात आणता येत नाही. बोटीवर चढण्याआधी गाडीची डिकी उघडून तपासतात, आणि उतरतानाही तपासणी असते, कधी वास घेणारा कुत्रा असतो. बटाटे, कांदे, लसूण, आलं, हिरव्या मिरच्या, लिंबं, कोथिंबीर, सगळं घरी ठेवा. फोडणीसाठी म्हणून पिशवीच्या तळाशी कढीपत्त्याची डहाळी राहते, तीही बघा. लेकीच्या डब्यात केळं किंवा सफरचंदाची फोड असेल तर रांगेत असतानाच खाऊन टाका. हा नियम मला मनापासून पटतो. इथे फळमाशी शिरली होती तेव्हा, २०१८ मध्ये, बागाईतदारांचे किती हाल झाले ते मी जवळून बघितलंय. चेरी आणि सफरचंदं परदेशी जातात ती हे बेट फळमाशीमुक्त आहे या भरवशावर. तयार पोळ्या, पुऱ्या, दशम्या, कोरड्या चटण्या, चिवडा, लाडू असलं शिजवलेलं आणा. शंका असेल ती वस्तू तपासनीसाला आपणहून दाखवा. दाखवलेल्या वस्तूबद्दल कोणी रागवत नाही. गॅसची छोटी शेगडी असेल तर डबे तिथे सांगावे लागतात, आणि सुटं पेट्रोल तर आणूच नका.

सुलभा_ग्लेन_वेव्हर्ली

रातपाळी यांनी इतकं छान लिहिलंय की माझ्याकडे थोडंच उरलंय. मी सत्तरीची आहे, मुलीबरोबर गेले होते. चार जणांच्या केबिनमध्ये दोन पलंग खाली आणि दोन वर, वरच्यांना शिडी. आई-बाबांना खालचे द्या. पाच जण आहात म्हणजे दोन केबिन लागतील. मी तर म्हणेन आई आणि तुम्ही एका केबिनमध्ये, बाबा, जावई आणि छोटी दुसरीत. रात्री आईला काही लागलं तर मुलगी जवळ हवी.

गाडीच्या मजल्यावरून वर यायला लिफ्ट आहे, पण सगळे एकदम येतात, गर्दी होते. गुडघ्यांचं बुकिंग करतानाच सांगितलं तर मदत करतात. मी सांगितलं होतं.

प्राची_टार्नीट

रातपाळीताई, सुलभाकाकू, अनिकेत, मनापासून आभार. ताईंचा प्रतिसाद रात्री नवऱ्याला आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या दिवशी स्ट्रॉन रद्द! क्रेडलला दोन रात्री बघतोय. कढीपत्ता मी खरंच नेणार होते, आमच्या अंगणातलाच आहे.

अजून थोडं विचारते. क्रेडलला आई काय काय बघू शकेल? डव्ह लेकची पूर्ण चक्कर ६ किलोमीटरची आहे असं वाचलं, ती तिला जमणार नाही. स्ट्रॉनहून होबार्टचा रस्ता फार वळणांचा आहे का? तो टाळता येईल का? आणि बाबांचा खास प्रश्न: खाडीच्या तोंडातून बोट बाहेर पडताना काही दिसेल का?

रातपाळी

बाबांपासून सुरू करते. एप्रिलअखेर मेलबर्नला सूर्य पावणेसहालाच मावळतो, त्यामुळे तोंडातून बाहेर पडताना काळोख असेल. पण दोन्ही किनाऱ्यांचे दिवे दिसतात. लॉन्सडेल आणि क्वीन्सक्लिफची दीपगृहं तिथे जवळजवळ आहेत. त्या अरुंद जागेतून भरती-ओहोटीचं सगळं पाणी आत-बाहेर होतं, तळ खडकाळ आहे, त्यामुळे तिथे पाणी खळबळतं. मोठ्या बोटीत ते थोडंसं जाणवेल. बाबांना जाड जॅकेट, कानटोपी घालून बाहेरच्या डेकवर घेऊन जा, कठडा धरून उभं राहायला सांगा. त्यांना हेही सांग, की ही सामुद्रधुनी आहे आणि टास्मानिया वेगळं बेट आहे हे जॉर्ज बास आणि मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी १७९८-९९ मध्ये 'नॉरफोक' नावाच्या छोट्या शिडाच्या गलबतातून बेटाला पूर्ण वळसा घालून सिद्ध केलं. बास हा व्यवसायाने शल्यचिकित्सक होता. त्याआधी जहाजं बेटाला दक्षिणेकडून वळसा घालून सिडनीला जात. आणि त्याच्या कितीतरी आधी, हिमयुगात, समुद्राची पातळी खाली होती तेव्हा इथे जमीन होती आणि माणसं चालत ये-जा करत. ती वाट साधारण १२,००० वर्षांपूर्वी पाण्याखाली गेली. इथल्या मूळ रहिवाशांचे पूर्वज त्याच वाटेने आले.

क्रेडलला आईंना बघण्यासारखं खूप आहे. उद्यानाचा पास काढा. मोठ्या प्रवासाला हॉलिडे पास बरा, तो एका गाडीमागे असतो आणि दोन महिने सगळ्या राष्ट्रीय उद्यानांत चालतो. पर्यटक केंद्रापाशी गाडी लावून बसने डव्ह लेकला जायचं. तिथे काचेचा निवारा आहे, आत बसून तळं आणि मागचा १,५४५ मीटरचा डोंगर दिसतो. बाहेर वारा असेल तरी आत उबदार वाटतं. तिथून लाकडी नावघर थोड्याच अंतरावर आहे, १९४० साली किंग बिली पाइनच्या लाकडाचं बांधलेलं. तेवढं आई काठी घेऊन सावकाश जाऊ शकतील. तुम्ही दोघं लेकीला घेऊन पुढे थोडं चाला. पूर्ण चक्कर करायची तर एकाने आईंजवळ थांबा.

मी मुद्दाम एप्रिलअखेरीचं कौतुक करतेय, कारण त्याच सुमारास फेगस रंगतो. हे बुटकं झाड फक्त टास्मानियात वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या थंड प्रदेशातलं हिवाळ्यात पानं गाळणारं हे एकमेव देशी झाड. पान नखाएवढं, कुरकुरीत, पापडासारख्या चुण्या पडलेलं. २५ एप्रिलच्या आसपास ते आधी पिवळं, मग नारिंगी, मग गंजाच्या रंगाचं होतं. डव्ह लेकच्या पलीकडच्या उतारावर ठिकठिकाणी दिसतं. दुर्बीण असेल तर आणा, आईंना खुर्चीत बसून बघता येईल.

दुपारी तीननंतर बसने रॉनी क्रीकला उतरा. तिथे लाकडी फळ्यांची सपाट पायवाट आहे, चढ नाही. पिवळ्या गवताच्या पुंजक्यांमध्ये वॉम्बॅट चरत असतात. लेकीला सांग, त्यांच्याकडे धावायचं नाही, हात लावायचा नाही, खाऊ द्यायचा नाही. फळीवर शांत उभं राहिलं तर ते अगदी पायाशी येतात, आणि गवत उपटताना होणारा चर्रचर्र आवाज ऐकू येतो. शेवटच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा. सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, आणि त्यानंतर राहायच्या जागेच्या बाहेर गाडी काढू नका. जेवण खोलीतच करा, स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या. तिकडच्या लहान गावांत आठनंतर उपाहारगृहाची चूल विझलेली असते आणि शाकाहारी पदार्थ एखाददुसराच मिळतो.

स्ट्रॉन ते होबार्ट रस्ता वळणांचा आहे, लपवत नाही. तरी टाळू नका असंच सांगेन. स्ट्रॉनहून ४० किलोमीटरवर क्वीन्सटाउन येतं. इथे तांबं वितळवण्याच्या भट्ट्यांसाठी डोंगरावरची झाडं तोडली, भट्ट्यांच्या गंधकाच्या धुराने उरलेली मेली, आणि मग इथल्या मुसळधार पावसाने माती धुऊन नेली. गुलाबी-करड्या खडकांचे उघडे डोंगर राहिले. आता हळूहळू हिरवं परत येतंय. गावाबाहेर पडताना रस्ता त्याच डोंगरावर नागमोडी चढतो, ९९ वळणं म्हणतात त्याला. त्या चढावर आईंना पुढे बसवा, खिडकी थोडी उघडी ठेवा, आणि वर पोचलात की थांबा. पुढे अर्ध्या तासावर नेल्सन धबधबा आहे, पायवाट छोटी आणि बरीचशी सपाट, दोन्ही बाजूंना नेच्यांची झाडं. घाटानंतर तिथे पाय मोकळे केले की बरं वाटेल.

त्यापुढचा भाग फ्रँकलिन-गॉर्डन नद्यांच्या राष्ट्रीय उद्यानातून जातो. या नद्यांवर धरण होणार होतं. १९८२-८३ मध्ये लोकांनी नदीत होड्या घालून, अटक करवून घेऊन ते अडवलं, आणि १ जुलै १९८३ ला उच्च न्यायालयाच्या निकालाने ते कायमचं थांबलं. आज तुम्ही ज्या रस्त्याने जाल त्याच्या दोन्ही बाजूंचं जंगल त्यामुळे उभं आहे. स्ट्रॉनला ह्युऑन पाइनच्या लाकडाचा वास घेऊन बघा. हे झाड जाडीला वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतं आणि २,००० वर्षांहूनही जास्त जगतं. आता जिवंत झाड तोडत नाहीत, नदीत वाहून आलेलं किंवा आधी पडलेलं लाकूडच वापरतात.

क्वीन्सटाउनला टाकी पूर्ण भरा. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्या, मध्ये बराच वेळ नेटवर्क नसतं. स्ट्रॉनहून सकाळी नऊला निघालात तर थांबत-थांबत उजेडात होबार्टला पोचाल. गाडी चालवणं दोघांत वाटून घ्या.

होबार्टबद्दल इंटरनेटवर भरपूर मिळेल. पूर्व किनाऱ्याला फ्रेसिनेचा वाइनग्लास बेचा सज्जा आईंना जमणार नाही, पायऱ्या खूप आहेत. तुम्ही दोघं पटकन जाऊन या, आणि आई-बाबांना तेवढ्यात केप टूरव्हिलच्या दीपगृहाकडच्या फळ्यांच्या वाटेवर फिरवा. ती सोपी आहे आणि समुद्र उंचावरून दिसतो. बिशेनोला रात्री छोटे पेंग्विन किनाऱ्यावर येतात, ते सरकारमान्य वाटाड्याबरोबरच बघा, टॉर्चचा उजेड त्यांच्या डोळ्यांत जाऊ नये. तिथून वर बे ऑफ फायर्स. ग्रॅनाइटच्या गोल खडकांवर शेंदरी रंगाचं दगडफूल (लायकेन) चढलेलं असतं. नाव त्यावरून पडलं असं बरेच जण सांगतात, पण ते १७७३ मध्ये कॅप्टन फर्नो याने दिलं. त्याला किनाऱ्यावर मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या शेकोट्या दिसल्या होत्या.

परतीच्या दिवशी लॉन्सेस्टनला राहा. डेव्हनपोर्ट तिथून १०० किलोमीटर, सगळा चांगला महामार्ग. दिवसभर कॅटरॅक्ट गॉर्जला घालवा. तिथे खुर्च्यांचा पाळणा दरीवरून जातो, हिरवळीवर मोर फिरतात, आई-बाबांना बसायला भरपूर जागा आहे. दुपारी तीनपर्यंत निघा, म्हणजे उजेडातच डेव्हनपोर्टला याल. अंधाराची घाई नाही आणि आईंना बोटीत शिरण्याआधी तासभर निवांत मिळेल. वाटेत एलिझाबेथ टाउनजवळ रास्पबेरीच्या शेतावरचं उपाहारगृह आहे, लेकीला तिथे नक्की थांबवा.

बुकिंग लवकर करा, दोन केबिन शेजारी-शेजारी हव्या असतील तर विशेष. आणि तारीख ठरली की इथे लिही. माझी त्या दिवशी पाळी नसेल तर मर्सी ब्लफला मी गरम उपमा घेऊन येईन, कढीपत्ता घालून. इथे कुंडीत लावलाय मी.

प्राची_टार्नीट

ताई, बुकिंग झालं! २३ एप्रिलच्या रात्रीची बोट, २४ ला सकाळी डेव्हनपोर्ट. दोन्ही केबिन मधल्या भागात मिळाल्या. आईच्या डॉक्टरांची पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे, गोळ्यांबद्दल विचारते. तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, फोन नंबर त्यात आहे.